तिसरा पुकारा

दर रविवारी संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या इमारतीच्या दारातून एका गुन्हेगाराच्या नावानं आरोळी उठते, आणि तो गुन्हेगार कधीही येत नाही.

"मारुती गुंडूऽऽ! हाजर हाय काय?"

आरोळी दोनदा होते. रस्त्यावरचा शहाळेवाला कोयता थांबवून बघतो, समोरच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकतं, आणि आरोळी देणारे हलगेकर अण्णा रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेकदा नजर टाकून शांतपणे आत येतात. आत वीस-बावीस माणसं चहा पीत बसलेली असतात.

"दोन पुकारे झाले. आरोपी गैरहजर," अण्णा मला सांगतात. मी वहीत तसं लिहिते, घंटा वाजवते, आणि चित्रपट मध्यंतरापासून पुढे सुरू होतो.

बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या इमारतीची मी सहा वर्षं सेक्रेटरी आहे. मी याद्या करणारी बाई आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. पाण्याच्या टँकरची यादी, गळक्या नळांची यादी, कुणाकडे कुणाची शिडी आहे त्याची यादी. माझ्या नवऱ्याच्या मते मी स्वर्गात गेले तर दारातल्या माणसाकडून आधी रजिस्टर काढून घेईन. घेईनच. तिथली व्यवस्था कोण बघतं कोण जाणे.

इमारतीतल्या वडीलधाऱ्यांसाठी काहीतरी करायचं हे माझ्या एका यादीत बरेच दिवस पडून होतं. त्यातून पार्किंगशेजारच्या हॉलमध्ये रविवारचा चित्रपट सुरू झाला. भजन सगळ्यांना चालत नाही आणि कौटुंबिक चित्रपटात सगळे आपापल्या सुना शोधतात, असा अनुभव आल्यावर मी जुने रहस्यपट आणि गुन्हेगारीपट निवडले. काळे-पांढरे. पाऊस पडतोय, गाडी थांबते, टोपीवाला उतरतो, बाई किंचाळते. यात कुणाचीच सून नसते.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनचे वडील, म्हणजे हे हलगेकर अण्णा, तिच्याकडे कायमचे राहायला आले आणि पहिल्याच रविवारी, चित्रपट ऐन रंगात असताना, शेवटच्या रांगेतून एक हात वर झाला.

"अक्का, जरा थांबवा की."

मी त्यांच्यापेक्षा तेवीस वर्षांनी लहान आहे. तरी पहिल्या दिवसापासून मी त्यांची अक्काच.

मी थांबवलं. मला वाटलं, यांना बाथरूमला जायचं असेल.

"ह्या इन्स्पेक्टरकडं झडतीचं वॉरंट हाय काय?" अण्णांनी विचारलं.

पडद्यावर नायक खलनायकाच्या खिडकीतून आत उडी मारताना तसाच लटकला होता.

"अहो, तो हिरो आहे," कुणीतरी म्हणालं.

"हिरो हाय ते दिसतंय. वॉरंट हाय काय?"

नव्हतं. मग अण्णांनी मला नोंद करायला सांगितली: नायक, विनापरवाना गृहप्रवेश, एक. चित्रपट संपेपर्यंत त्या सद्गृहस्थावर सात कलमं लागली होती. त्यानं भिकाऱ्याचं सोंग घेऊन खलनायकाच्या हातचा चहा पिऊन त्यालाच फसवलं होतं, जिवंत आईची खोटी शपथ घेतली होती, आणि तिजोरीच्या किल्लीसाठी खलनायकाच्या बहिणीशी दोन गाणी गायली होती.

"त्या बहिणीचं पुढं काय झालं?" अण्णांनी शेवटी विचारलं.

ती दुसऱ्या गाण्यानंतर चित्रपटात दिसलीच नव्हती. तोपर्यंत आमच्यापैकी कुणालाही ते खटकलं नव्हतं.

हलगेकर अण्णा सीमाभागातल्या एका तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं पुकारा देत होते. न्यायाधीशांनी खूण केली की कोर्टाच्या दाराशी जाऊन पक्षकाराच्या नावानं तीनदा हाक मारायची. तिसऱ्या हाकेला माणूस आला नाही की तो गैरहजर. मग वॉरंट निघो, नाही तर निकाल लागो. अण्णांचा आवाज म्हणे बस स्टँडपर्यंत जायचा आणि उसाचा रस पीत बसलेली माणसं पेला टाकून पळत यायची. "वकील तोंडानं बोलत्यात. आम्ही बेंबीतनं," असं ते सांगतात.

असा माणूस गुन्हेगारीपटाला बसला की काय होणार? दोन महिन्यांत आमच्या हॉलचं कोर्ट झालं. मी पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले: डावीकडे नायकाचे गुन्हे, उजवीकडे खलनायकाचे. मला रकाने आवडतात, त्यामुळे मीही यात सामील झाले हे कबूल करते. पण थोड्याच दिवसांत अण्णांनी तिसरा रकाना मागितला: खलनायकाचं चांगलं.

"कशाला?" मी विचारलं.

"त्यो पांढऱ्या बुटातला बघितला न्हवं? माणसं मारतोय, पण पोपटाला वेळेवर मिरची घालतोय. नोंद नको?"

"म्हणजे त्याला सोडायचा?"

"सोडायचा कशाला! पोपटाचं वेगळं, खुनाचं वेगळं. एकातनं दुसरं वजा करायचं न्हाई. दोन्ही लिहून ठेवायचं."

हे त्यांचं कायमचं बोलणं. त्याचं वेगळं, ह्याचं वेगळं. आणि कुणी तावातावानं बोलू लागलं की दुसरं: "आधी नोंद, मग राग." लिफ्ट बंद पडल्यावर मी कंपनीला फोनवर झापत असताना ते शेजारी उभे राहून हेच म्हणाले, आणि मी खरोखरच आधी किती वाजता बंद पडली ते लिहून घेतलं. लिहून होईपर्यंत राग निम्मा झाला होता. कंपनीच्या माणसाला मात्र तो निम्माही पुरला.

एकदा वकील असलेल्या नायकानं खलनायकाला पकडण्यासाठी खोटं पत्र तयार केलं. आमच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. अण्णा उठून उभे राहिले. "खलनायकानं खोटं मृत्युपत्र केलं तेव्हा तुम्ही शिव्या घातलासा. आता ह्यानं खोटं पत्र केलं तर टाळ्या. अक्षर दोघांचं सारखंच सुरेख हाय. मग फरक काय?"

"फरक हेतूचा," नितीन म्हणाला. हा तिसऱ्या मजल्यावरचा, नागपूरचा, महादेवपुऱ्यात आयटीत काम करणारा.

"हेतू त्याचं त्याला ठाऊक. आपल्याला पत्र दिसतंय."

"अण्णा, तुम्ही न, हिरोचे दुश्मन आहात बाप्पा!"

"न्हवं ओ. हिरोचा पुकारा कुणी देत न्हाई, एवढंच माझं म्हणणं."

चित्रपटातली नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून त्यांनी सगळ्या खलनायकांना मिळून एकच नाव दिलं होतं: मारुती गुंडू. मध्यंतरात त्याच नावानं पुकारा. वहीतही आरोपीच्या जागी मी दर आठवड्याला तेच लिहीत होते. फॉर्म भरायला शिकवताना 'अ. ब. क.' लिहितात, तसलंच काहीतरी असेल, असं मी धरून चालले होते.

पुकारा दोनदाच का, असं मी एकदा विचारलं. "पिक्चरला दोन बास," ते म्हणाले. आणि शेवटच्या मारामारीला, गोदामातली रिकामी पिंपं गडगडायला लागली की अण्णा उठून बाहेर जायचे आणि तुळशीला पाणी घालत बसायचे. एकाही खलनायकाचा शेवट त्यांनी बघितला नाही. आम्ही बाहेर आलो की "मेला काय?" असंही कधी विचारलं नाही.

आता विचार केला तर सगळं समोरच होतं. अण्णा कुणालाच तीनदा हाक मारत नसत. नातीला जेवायला दोनदा बोलवायचे आणि मग स्वतः जाऊन तिच्याशेजारी उभे राहायचे. एकदा मी अंघोळीला गेले असताना ते आमच्याकडे आले. दोनदा बेल वाजवली आणि पायरीवर बसून राहिले. वीस मिनिटांनी मी दार उघडलं तर हे भिंतीला टेकून बसलेले.

"अहो, तिसऱ्यांदा वाजवायची की!"

"कशाला? आत माणूस हाय. दोनदा ऐकलंय म्हणजे येणारच की. त्याला वेळ लागत असंल."

आणि एक प्रसंग तर आम्ही वर्षभर हसण्यावारी सांगत होतो. एका रविवारी अण्णांनी नेहमीप्रमाणे मारुती गुंडूचा पहिला पुकारा दिला, आणि फाटकातून आवाज आला, "हां सार!" रविवार असूनही गॅसचं सिलिंडर घेऊन आलेला माणूस होता. त्याचं नाव मारुती. साठीच्या घरातला, खाकी शर्ट, खांद्यावर सिलिंडर. हॉलमध्ये हशा पिकला. अण्णा मात्र चपला तिथेच टाकून अनवाणी फाटकाकडे धावले. त्या माणसाचं तोंड दोन्ही बाजूंनी बघितलं. गाव विचारलं. तो तुमकूरचा निघाला. मग अण्णांनी त्याला हॉलमध्ये आणून खुर्चीवर बसवलं, चहा दिला, आणि माझ्या वाट्याची चकली त्याच्या बशीत घातली. मी ती नोंद 'किरकोळ'मध्ये केली होती.

आता मल्लेशची गोष्ट.

मल्लेश आमचा वॉचमन. आनेकलचा, पंचेचाळिशीचा, अंगानं थोराड, बोलायला कमी. आठ वर्षं कामाला. एका गुरुवारी नितीनच्या मुलीची सायकल जिन्याखालून नाहीशी झाली. नितीननं दोन तास कॅमेऱ्याचं चित्रण तपासलं आणि दुपारी दोन वीसला ती गुलाबी सायकल हातानं ढकलत फाटकाबाहेर नेणारा मल्लेश त्याला सापडला. त्यानं तो तुकडा इमारतीच्या ग्रुपवर टाकला, मल्लेशभोवती लाल गोल काढून. संध्याकाळपर्यंत नितीन आमचा नायक झाला होता. लोक जिन्यात थांबवून त्याच्याशी हस्तांदोलन करत होते. त्यानं मल्लेशच्या खोलीतली पत्र्याची पेटीही उघडून बघितली होती. आत एक कंगवा, एक लुंगी आणि बिस्किटांचा अर्धा पुडा निघाला.

मल्लेश आधीच तीन दिवसांच्या सुट्टीला गावी गेलेला. मी त्याला फोन केला, सायकलसह रविवारी सकाळी अकराला हजर व्हायला सांगितलं, आणि बैठकीची विषयपत्रिका तयार केली. विषय तिसरा: मल्लेशला कामावरून कमी करणे, दहा मिनिटं. हे वाक्य मी असंच लिहिलं होतं. 'बाबत चर्चा' वगैरे काही नाही. थेट 'कमी करणे'.

अण्णांनी ते फलकावर वाचलं. "अक्का, निकाल आधीच लिहिलासा."

"अण्णा, चित्रण आहे."

"चित्रणात सायकल नेताना दिसतोय. चोरताना दिसतोय काय?"

मला त्या दिवशी आणखी चार कामं होती.

रविवारी अकरा वाजता सगळे जमले. सव्वाअकरा झाले. मल्लेश नाही. फोन बंद. साडेअकराला नितीन म्हणाला, "पळाला! मी केव्हाचा सांगून राहिलो मॅडम, तो येत नाही म्हणून. आता नियम लावा."

नियम होता, आणि तो मीच केला होता. अण्णांच्या कोर्टाची पद्धत मला इतकी आवडली की आदल्या वर्षी मी नियमावलीत कलम घातलं: संबंधित व्यक्ती तीनदा पुकारूनही हजर न झाल्यास तिच्या अनुपस्थितीत निर्णय घेण्यात येईल. सगळ्यांनी हसत मंजूर केलं होतं. आता कुणी हसत नव्हतं.

"अण्णा, द्या पुकारा," मी म्हणाले.

अण्णा उठले. दाराशी गेले. "मल्लेऽऽश! हाजर हाय काय?" शहाळेवाल्याचा कोयता थांबला. कुत्रं भुंकलं. फाटकात कुणी नाही.

"दुसरा," मी घड्याळ बघत म्हणाले.

दुसरा झाला.

"आता तिसरा."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. दोन्ही काचा, दोन्ही बाजूंनी. मग म्हणाले, "पाणी पितो. घसा कोरडा पडला की पुकारा लागत न्हाई." पाणी प्यायला ते दुसऱ्या मजल्यावर गेले. हॉलमध्ये पाण्याचा जार भरलेला होता. लिफ्ट चालू असून जिन्यानं गेले, जिन्यानं आले. आल्यावर म्हणाले, "पुकारा दारात द्यायचा का फाटकात, हे नियमात लिहिलंय काय?" मी नियमावली चाळली. नव्हतं लिहिलेलं. त्यावर दहा मिनिटं चर्चा झाली. ठरलं: फाटकात. अण्णा फाटकाकडे निघाले आणि वाटेत तुळशीपाशी थांबून एक-एक वाळकं पान खुडायला लागले.

"काय चालू आहे हे?" नितीन उसळला. "सरळ सरळ वेळ काढून राहिले हे! मॅडम, तुम्हीच मारा हाक आणि संपवा."

मी खरंच उठले. मला वेळेत संपवायची सवय आहे आणि विषय चौथा पाण्याच्या टाकीचा होता. फाटकापाशी जाऊन मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही देणार नसाल तर मी देते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीन वर्षांत तो चेहरा मी कधी बघितला नव्हता.

"अक्का, तिसरा एकदा तोंडातनं गेला की परत घेता येत न्हाई. तुमच्याकडं इतक्या याद्या हाईत. ह्या एका नावाला जरा जागा ठेवा की."

मी घड्याळ बघितलं. बारा वाजून सात. का कोण जाणे, मी घड्याळ असलेला हात पाठीमागे घेतला आणि शेजारी उभी राहिले.

बारा वाजून वीस मिनिटांनी रस्त्याच्या वळणावर एक गुलाबी ठिपका दिसला. जवळ आला तशी त्यावर बसलेली आकृती दिसली. भला थोरला मल्लेश त्या चिमुकल्या सायकलवर, गुडघे कानांपर्यंत, हँडलच्या झिरमिळ्या वाऱ्यावर उडतायत, आणि घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. शहाळेवाल्यानं कोयता खालीच ठेवला.

"बंदे सार, बंदे!" आलो साहेब, आलो, असं लांबूनच ओरडत तो आला. "स्वल्प लेट आयतु." जरा उशीर झाला.

झालं होतं असं की आनेकलच्या एकाही बसनं सायकल चढवू दिली नव्हती. तीन बस सोडल्यावर त्यानं भाजीचा टेम्पो पकडला. टेम्पोनं मार्केटपाशी उतरवलं. तिथून तो पाय दुखेपर्यंत ढकलत आणि मग लाज सोडून चालवत आला. फोनची बॅटरी टेम्पोतच संपली होती.

अण्णांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मगच टाळता न येणारा प्रश्न विचारला, कन्नडमध्ये, अगदी हळू. सायकल का नेली?

मल्लेशनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझा कागद. सोमवारी मी त्याला दिलेली कामांची यादी, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. सातवं काम: जिन्याखालची सायकल काढून टाकणे.

जिन्याखाली दोन सायकली होत्या. एक कुणाचीच नसलेली, गंजलेली, आणि एक नितीनच्या मुलीची. मी कुठली ते लिहिलं नव्हतं. सहा वर्षांत माझ्या यादीत पहिल्यांदा एक शब्द कमी पडला होता, आणि त्या शब्दावर मी एका माणसाची नोकरी घालवायला निघाले होते. हॉलमधले सगळे कागदाकडून माझ्याकडे बघायला लागले. पाच मिनिटांत खलनायक बदलला.

पण अण्णा थांबले नाहीत. त्यांनी मल्लेशला विचारलं, गंजलेली काढायची होती हे तुला कळलं नव्हतं?

माझ्या यादीनं त्याला सुटायला अख्खा दरवाजा उघडून दिला होता. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"गोत्तित्तु सार," तो म्हणाला. ठाऊक होतं. माझ्या मुलीची शाळा लांब आहे. ही वर्षभर कुणी चालवत नव्हतं. मॅडमनी सायकल लिहिलंय, मग हीच असेल, असं मनाला सांगितलं.

"खरं बोलला. नोंद करा," अण्णा म्हणाले.

मी नोंद केली. मल्लेश: माहीत असून चांगली सायकल नेली. मल्लेश: विचारल्यावर खरं सांगितलं. नितीन: न विचारता पेटी उघडली. सेक्रेटरी: अपुरी सूचना, आणि सुनावणीआधी निकाल. एकातून दुसरं वजा केलं नाही. सगळं वाचून दाखवलं. मग मी सगळ्यांसमोर मल्लेशची माफी मागितली, कारण ते काम माझंच होतं आणि लांबवण्यात अर्थ नव्हता. मल्लेशनं नितीनची मागितली.

नितीन सायकल उलटी करून बघत होता. साखळीला तेल दिलेलं, चाकांत हवा भरलेली.

"घंटी पण वाजून राहिली," तो स्वतःशीच म्हणाला. "माझ्याकडे तर बंद होती." थोड्या वेळानं त्यानं मल्लेशच्या खांद्यावर हात ठेवला. "पेटीचं सॉरी भाऊ. ती गंजकी आहे न, ती मी दुरुस्त करून देतो तुझ्या पोरीला. मला येते."

मल्लेश कामावर राहिला. पाण्याची टाकी पुढच्या बैठकीवर गेली.

दुपारी मी इतिवृत्त लिहायला बसले. त्यात उपस्थितांची पूर्ण नावं लागतात, म्हणून रहिवाशांची यादी काढली. तीन वर्षं ती माझ्याच कपाटात होती. दुसरा मजला, सुमनच्या नावाखाली, अण्णांच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात: परशराम गुंडू हलगेकर.

परशराम गुंडू. मारुती गुंडू.

मी यादी मिटली आणि वर गेले. बेल दोनदा वाजवली.

"बसा की अक्का," अण्णा म्हणाले. मी काय विचारायला आले हे त्यांना बहुधा माझ्या चेहऱ्यावर दिसलं. सुमन आत झोपली होती. ते खिडकीकडे बघत बोलले.

मारुती त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. बहिणीच्या लग्नात पलंग द्यायचा होता म्हणून त्यानं जंगलातलं सागाचं एक झाड तोडलं. केस झाली, आणि नेमकी अण्णांच्याच कोर्टात लागली. तारखेला मारुतीची बस उशिरा. न्यायाधीशांनी खूण केली. सगळं कोर्ट बघत होतं, हलगेकर भावासाठी काय करतो म्हणून.

"एरवी मी तीन पुकाऱ्यांच्या मधी पान खायचो, अक्का. कुणी तरी वाटंत असंल म्हणून. त्या दिवशी तिन्ही एका दमात दिले. सख्ख्या भावाला सवलत दिली असं कुणी म्हणाय नको. वॉरंट निघालं. वकील मंडळींनी पाठ थोपटली. काय इमानदार माणूस म्हणून."

"आणि मारुती?"

"धा मिनिटांनी आला. पळत. फाटकातच कुणीतरी सांगितलं. तिथनं माझ्याकडं बघितलं आणि तसाच माघारी गेला. परत आला न्हाई. कुणी म्हणतं गोव्यात हाय, कुणी म्हणतं हितं बेंगळुरात." ते थांबले. "त्या पलंगाच्या लग्नात मी पण दोन पंगती वाढल्या. लाकूड कुठलं ते मला ठाऊक न्हवतं काय? होतं की."

मी सवयीनं विचारलं, "किती वर्षं झाली?"

"ते नको लिहू, अक्का."

तीन वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तू' म्हणाले होते. माझ्या हातात पेन होतं हे मलाही तेव्हाच दिसलं.

चार वाजता चित्रपट होता. खाली येऊन मी कार्यक्रमाचा कागद काढला. 'मध्यंतर: दहा मिनिटं' खोडलं आणि लिहिलं, 'मध्यंतर: अण्णांचं होईपर्यंत.' घंटा कपाटात ठेवली.

पाच दहाला अण्णा दाराशी गेले. हात तोंडाशी नेला. "मारुती गुंडूऽऽ! हाजर हाय काय?"

फाटकापाशी मल्लेश उभा होता. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. दुसरा पुकारा झाला तसं त्यानं फाटकाचे दोन्ही पंख सताड उघडले, रस्त्यावर जाऊन उजवीकडे बघितलं, डावीकडे वळणापर्यंत चालत जाऊन बघितलं, आणि परत येऊन नकारार्थी मान हलवली.

"इल्ल सार."

"सरी," अण्णा म्हणाले. "असू दे. अजून दोनच झालेत."